केबीसीचा रिव्ह्यू, आमच्या घरातल्या शंभरपानी वहीतून

खूप दिवस लिहायचं होतं, आज बसलेच. कौन बनेगा करोडपती आमच्या घरी पहिल्या पर्वापासून बघितलं जातं, म्हणजे मी माहेरी बघत होते आणि इकडे कराडला सासूबाई बघत होत्या, लग्नानंतर दोघींचं एकत्र सुरू झालं. मध्ये शाहरुखचं पर्व येऊन गेलं, चॅनल बदललं, बक्षीस वाढत गेलं, पण रात्री नऊला आमचा टीव्ही लागतोच. आणि २०१९ पासून मी एक शंभरपानी वही ठेवलीय, त्यात आवडलेले प्रश्न लिहून ठेवते, आता तिसरी वही चालू आहे. तेव्हा हा रिव्ह्यू एक-दोन एपिसोड बघून लिहिलेला नाही एवढं नक्की.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. मूळ कार्यक्रम ब्रिटनचा, सप्टेंबर १९९८ मध्ये आयटीव्हीवर सुरू झाला. आपल्याकडे ३ जुलै २०००ला स्टार प्लसवर आला, अमिताभ बच्चन हॉट सीटसमोर, पंधरा प्रश्न, पहिला हजार रुपयांचा आणि शेवटचा एक कोटीचा. २०१० पासून सोनीवर आहे. कार्यक्रम इथे उभा करणारे सिद्धार्थ बसू, हे तेच ज्यांचं क्विझ टाइम १९८५ मध्ये दूरदर्शनवर यायचं. तेव्हा कॉलेजची हुशार हुशार मुलं इंग्रजीत पटापट उत्तरं द्यायची आणि घरचे सगळे नुसते बघत बसायचे, कौतुक वाटायचं पण आपण त्यात कुठेच नाही असं वाटायचं. केबीसीने काय केलं तर प्रश्नाखाली चार पर्याय टाकले. ऐकायला साधी गोष्ट वाटते पण माझ्या मते सगळी जादू तिथेच आहे. नाव आठवायला लागणं वेगळं आणि चार नावांतून ओळखायला लागणं वेगळं. ओळखायचं म्हटलं की सातवी शिकलेली बाई पण खेळात उतरते, आमच्या आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) तशाच उतरल्या.

त्यांना हिंदी प्रश्न पूर्ण कळतोच असं नाही, डोळ्यांमुळे स्क्रीनवरचं वाचता येत नाही, म्हणून मी पर्याय मराठीत मोठ्याने म्हणते आणि त्या मेथी निवडता निवडता "तिसरं" एवढंच बोलतात, मान वर न करता. तिथी, नक्षत्र, पिकं, रामायण महाभारतातली नाती, देवळं, नद्या, यात त्यांचं चुकताना मी फार कमी वेळा बघितलंय.

आता मुख्य मुद्दा, प्रश्न कसे असतात. मला विचाराल तर चांगला प्रश्न तो, ज्याचं उत्तर आधी माहीत नसलं तरी माहीत असलेल्या गोष्टींचा धागा पकडून तिथपर्यंत जाता येतं. आणि केबीसीचा सगळ्यात चांगला प्रश्न मला अजूनही २०११चा वाटतो, बिहारच्या मोतिहारीचे सुशील कुमार पाच कोटी जिंकले तो. १८ ऑक्टोबर १८६८ला निकोबार बेटांचे हक्क ब्रिटिशांना विकून कोणत्या वसाहतवादी सत्तेने भारतातला आपला सहभाग संपवला, असा काहीसा प्रश्न होता, पर्याय बेल्जियम, इटली, डेन्मार्क आणि फ्रान्स. आता हे थेट पाठ कोणाला असणार? पण बघा, फ्रान्स तर पुदुच्चेरीत १९५४ पर्यंत होता, म्हणजे तो गेला. इटली हा देश म्हणूनच १८६१ला एकत्र झाला, त्यांची इथे वसाहत कुठली असणार, तोही गेला. उरले बेल्जियम आणि डेन्मार्क. इथे मला माझं एमए मराठी कामाला आलं, खोटं वाटेल पण खरंच. विल्यम कॅरीने मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये छापलं ते बंगालमधल्या सेरामपूरला, हे आम्हाला भाषेच्या इतिहासात होतं, आणि सेरामपूरलाच का, तर तिथे डॅनिश लोकांचा अंमल होता, ईस्ट इंडिया कंपनी तिच्या हद्दीत मिशनऱ्यांना थारा देत नव्हती. म्हणजे डेन्मार्कवाले भारतात होते हे पक्कं. त्यांनी सेरामपूर आणि तमिळनाडूकडचं त्रांकेबार १८४५ मध्ये ब्रिटिशांना विकलं, मग निकोबार तेवढं राहिलं असणार. मी ओरडले "डेन्मार्क!" आणि समोर तो कॉम्प्युटर ऑपरेटर मुलगा घाम पुसत पुसत तिथेच पोचला. त्या रात्री मला कितीतरी वेळ झोप लागली नाही. मराठी व्याकरणाचं एक जुनं पुस्तक आणि निकोबारची बेटं यांच्यामध्ये एक वाट आहे हे मला टीव्हीवरच्या एका प्रश्नाने दाखवलं. जनरल नॉलेज म्हणजे सुट्ट्या सुट्ट्या गोष्टींची यादी असं जे आपल्याला लहानपणापासून वाटतं ना, ते या कार्यक्रमाने माझ्यासाठी मोडून काढलं.

तसाच पहिल्या कोटीचा प्रश्न. ऑक्टोबर २०००, आपल्या मुंबईचा हर्षवर्धन नवाथे, २७ वर्षांचा, यूपीएससीची तयारी करणारा. संसदेच्या कामकाजात भाग घ्यायला राज्यघटना कोणाला परवानगी देते, उत्तर ॲटर्नी जनरल, म्हणजे मराठीत महान्यायवादी. हा प्रश्न पाठांतराने सुटतो म्हणा, पण समजून घेतला तर जास्त छान आहे. कलम ८८ प्रमाणे महान्यायवादी दोन्ही सभागृहांत बोलू शकतात, कामकाजात भाग घेऊ शकतात, पण मत देऊ शकत नाहीत. सरकारचा सगळ्यात मोठा वकील, सभासद नसून सभागृहात बसतो, कारण कायद्याचा पेच आला तर खासदारांना तिथल्या तिथे समजावून सांगता यावा. एमपीएससीची मुलं यात नेहमी गडबडतात, कारण राज्यात जे पद असतं ते महाधिवक्ता, आणि ते विधानसभेत बोलू शकतात. महान्यायवादी केंद्राचे, महाधिवक्ता राज्याचे. माझ्या वहीत हे लाल पेनाने लिहिलंय, पुतण्याने त्याच्या अभ्यासिकेतल्या चौघांना तिथला फोटो पाठवला.

आता जे खटकतं तेही लिहिते. एक म्हणजे उत्तर बरोबर आलं की स्पष्टीकरण दोन ओळींत उरकतं. प्रश्न काढणाऱ्यांनी किती मेहनत घेतली असेल, आणि उत्तरामागची गोष्ट सांगायची वेळ आली की पुढचा प्रश्न! अजून अर्धा मिनिट द्या ना. उलट गप्पांना वेळ भरपूर. स्पर्धकाच्या घरच्यांचा व्हिडिओ, लग्न कसं जमलं, बच्चनसाहेबांचा कोणता सिनेमा आवडतो, हे सगळं थोडं असलं तर गोड वाटतं, पण काही काही एपिसोडला एका तासात मोजून सहा-सात प्रश्न होतात आणि आई म्हणतात "अगं कधी विचारणार?" तिथे मला त्यांचं पटतं. सेलिब्रिटी आले की तर आम्ही सरळ जेवायला बसतो. दुसरं, गाण्याचा तुकडा ऐकवून सिनेमा ओळखा किंवा फोटो दाखवून नट ओळखा, हे सुरुवातीच्या प्रश्नांत ठीक आहे पण वरच्या टप्प्यात नको, त्यात विचार करायला जागाच नसते, आलं तर आलं नाहीतर गेलं.

पण कर्मवीरचे, म्हणजे समाजासाठी काम करणाऱ्यांना बोलावतात ते भाग मात्र चुकवू नका. २०१८ला डॉ. प्रकाश आमटे आणि मंदाताई आल्या होत्या, २०१९ला सिंधुताई सपकाळ. त्या दिवशी गप्पा जास्त झाल्या तरी चालतं, हेमलकसा म्हणजे काय हे देशभरच्या लोकांनी घरात बसून ऐकलं. आमच्या आई त्या दिवशी मेथी बाजूला ठेवून बसल्या होत्या.

आणि बबिता ताडे! अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या, शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या, महिन्याला दीड हजार मानधन. २०१९ला एक कोटी जिंकल्या. एक कोटीचा प्रश्न १८५७च्या उठावावरचा, बहादूरशहा जफरच्या दरबारातल्या कोणत्या कवीने 'दास्तान-ए-गदर' ही आठवण लिहिली, उत्तर जहीर देहलवी. हा प्रश्न माझ्या 'धागा पकडा' वाल्या प्रकारातला नाही, हा वाचलेलं असलं तरच येणारा, आणि त्यांनी तो दिला. जिंकल्यावर काय घेणार तर मोबाईल, कारण घरात सगळ्यांत मिळून एकच होता. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत दुसरा विषयच नव्हता, आमच्याकडे शाळेत खिचडी करणाऱ्या मावशी आहेत त्यांना बायका थांबवून थांबवून सांगत होत्या. मग २०२२ला कोल्हापूरच्या कविता चावला, गृहिणी, बारावी शिकलेल्या, त्याही एक कोटी. या दोघींकडे बघून मला वाटतं की या कार्यक्रमाचं खरं काम हेच आहे, घरात राहून वाचणाऱ्या, मुलांचा अभ्यास घेता घेता स्वतः शिकणाऱ्या बाईचं ज्ञान एकदा सगळ्यांसमोर मोजलं जातं. आपल्याकडे डिग्री असली तरच हुशार म्हणतात ना.

खेळाच्या गणिताबद्दल पण लिहायचंय कारण लोक यावर फार भांडतात. पुतण्या स्टॅटिस्टिक्सला आहे, त्याने एकदा कागदावर करून दाखवलं. जुन्या पर्वांतल्या आकड्यांनी, समजा तुम्ही ५० लाखांवर आहात आणि समोर एक कोटीचा प्रश्न. बरोबर आलं तर ५० लाख जास्त, चुकलं तर ३ लाख २० हजारांवर खाली, म्हणजे ४६ लाख ८० हजार गेले. म्हणजे दोन पर्यायांत अडकला असाल तर हिशोब जवळपास काट्यावर येतो. पण ज्या पर्वांत शेवटचा प्रश्न ७ कोटींचा होता तिथे गंमत बघा, एक कोटी हातात आहे, चुकलं तर तेच ३ लाख २० हजार, आणि बरोबर आलं तर सात कोटी. डोळे मिटून चारातलं एक दाबलं तरी सरासरी काढली तर पावणेदोन कोटींच्या वर जाते, म्हणजे गणित म्हणतं खेळा. पुतण्या म्हणाला काकू हे सगळे सोडून जाणारे लोक चुकतात. मी म्हटलं अरे सरासरी ही शंभर वेळा खेळणाऱ्याची असते, ती बाई तिथे एकदाच बसणार आहे आयुष्यात. घरावरचं कर्ज, मुलीचं शिक्षण, हे एक कोटीत होतंय, ते चारातल्या तीन वेळा घालवायचं कशासाठी? क्विट करणाऱ्यांना घाबरट म्हणणं मला अजिबात पटत नाही, हातात काय आहे ते ओळखून उठणं हीसुद्धा हुशारीच आहे. बाय द वे, हातात पूर्ण एक कोटी येत नाही हे पण माहीत असू द्या, अशा बक्षिसांवर सरळ ३० टक्के कर, वर सरचार्ज आणि सेस, आणि ते ३० टक्के चेक देतानाच कापले जातात.

लाइफलाइनबद्दल माझं मत, ऑडियन्स पोल लवकर वापरावा. सणवार, क्रिकेट, सिनेमा, रोजच्या वापरातल्या गोष्टी, यात तिथे बसलेले लोक बहुतेक बरोबर सांगतात, पण बाराव्या प्रश्नाला तेही आपल्यासारखेच अंदाज करत असतात आणि टक्केवारी बघून माणूस उगाच फसतो. मित्राला फोन करायची लाइफलाइन असायची तेव्हा प्रश्न वाचायलाच निम्मा वेळ जायचा. याच कार्यक्रमाच्या अमेरिकेतल्या आवृत्तीचा पहिला मिलियन डॉलरवाला जॉन कार्पेंटर, १९९९ची गोष्ट, त्याने शेवटच्या प्रश्नाला वडलांना फोन लावला आणि मदत मागायच्या ऐवजी सांगितलं की मला मदत नकोय, मी जिंकणार आहे एवढं सांगायला फोन केला. आमच्या लेकाला ही गोष्ट इतकी आवडते की तो घरच्या खेळात दर वेळी आजोबांना फोन लावतो.

हो, घरचा खेळ. हा या कार्यक्रमाचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा. रविवारी दुपारी आम्ही सगळे खेळतो, प्रश्न आम्हीच काढतो, मराठीत. मागच्या दिवाळीत पुतण्याने फास्टेस्ट फिंगरसारखा क्रम लावायचा प्रश्न आणला: पानशेतचा पूर, कोयनेचा भूकंप, किल्लारीचा भूकंप, महाराष्ट्र राज्याची स्थापना, आधीपासून नंतर लावा. आम्ही शिकलेले सगळे सन आठवत बसलो आणि आईंनी तोवर क्रम लावून टाकला, एकही सन न सांगता. म्हणाल्या महाराष्ट्र झाला, मग पुढच्याच वर्षी पुण्यात पाणी आलं, त्यांची आत्या तिकडे पेठेत राहायची, तिचं घर गेलं ते घरात कायम बोललं जायचं. कोयनेला तर त्या स्वतः नऊ वर्षांच्या होत्या, माहेर पाटणकडचं. पहाट होती, डिसेंबरची थंडी, मांडणीवरची भांडी धडाधड खाली आली आणि वडलांनी एकेकाला हाताला धरून अंगणात ओढलं, उजाडेपर्यंत सगळे शेणी पेटवून बाहेर बसले होते. किल्लारी तर मीच बघितलंय टीव्हीवर म्हणाल्या, गणपती विसर्जनाची रात्र. १९६०, १९६१, १९६७, १९९३. पुतण्याने कागद उलटून बघितला, बरोबर. ज्याला आपण जीके म्हणून पाठ करतो त्यातलं किती तरी कुणाच्या तरी घरावरून गेलेलं असतं.

दुसरी एक गोष्ट या खेळामुळे कळली, बाजारातल्या जीकेच्या स्वस्त पुस्तिकांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मी लेकासाठी स्टँडवरून एक घेतली होती, नाव लिहीत नाही, त्यात भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी आणि राष्ट्रभाषा हिंदी असं ठोकून दिलं होतं. दोन्ही चूक. सरकारने कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही, आणि राज्यघटनेत हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे, कलम ३४३, राष्ट्रभाषा असा शब्दच नाही. त्याच पुस्तिकेत ऑलिम्पिकच्या पानावर खाशाबा जाधवांचं नाव नव्हतं! १९५२, हेलसिंकी, कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि आमचं कराड ते गोळेश्वर अंतर किती, चालत जाता येईल. मी पेनाने लिहून टाकलं त्या पानावर. केबीसीच्या प्रश्नांत असं ढोबळ चुकीचं मला तरी कधी सापडलं नाही, प्रश्न कसा शब्दात मांडलाय ते नीट ऐका, 'यांपैकी', 'पहिली महिला', 'स्वतंत्र भारताची' असा एकेक शब्द मोजून टाकलेला असतो. लेकाला मी पेपर लिहिताना हेच सांगते, प्रश्न दोनदा वाच.

मराठी आवृत्तीबद्दल, ती तर माझ्या जिव्हाळ्याची. २०१३ला ईटीव्ही मराठीवर सचिन खेडेकर घेऊन आले, मग २०१९ला सोनी मराठीवर 'कोण होणार करोडपती' नावाने नागराज मंजुळे, नंतर पुन्हा खेडेकर. बक्षीस आणि झगमगाट हिंदीइतका नाही पण आमच्या घरात फरक काय पडतो सांगू, मराठी पर्व चालू असतं तेव्हा आई माझ्याकडे बघतच नाहीत. मला मध्ये दुभाषी म्हणून बसायला लागत नाही, त्या थेट टीव्हीशी बोलतात, स्पर्धकाला "थांब की जरा, घाई कशाला" म्हणून दटावतात. म्हणी, ओव्या, गडकिल्ले, संतांचे अभंग असलं काही आलं की त्यांचा आवाज चढतो. मंजुळेंचं समोरच्याला अवघडू न देता बोलणं मला फार भावलं, खेडेकरांचा मराठी उच्चार ऐकत राहावा असा. हे पर्व दर वर्षी न चुकता यावं असं मला मनापासून वाटतं.

एक सावधगिरी. केबीसीच्या नावाने व्हॉट्सॲपवर '२५ लाखांची लॉटरी लागली' असे ऑडिओ आणि फोटो फिरतात, बच्चनसाहेबांचा फोटो, शिक्का, सगळं खरं वाटेल असं. आमच्या शेजारच्या काकांना आला होता, ते 'प्रोसेसिंग फी' भरायला निघाले होते, नशीब आधी विचारायला आले. केबीसी लॉटरी काढत नाही. तिथे जायचं तर रजिस्ट्रेशनच्या दिवसांत प्रश्नाचं उत्तर द्यायचं, मग निवड झाली तर ऑडिशन, दुसरा रस्ता नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० नंबरला फोन करा.

पाचपैकी मी साडेचार देईन, अर्धा स्टार गप्पांचा कापलाय. घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना शेजारी बसवून पर्याय मोठ्याने वाचा, आणि उत्तर लॉक व्हायच्या आधी त्यांना विचारा, टीव्हीच्या आधी त्यांचं ऐका. आमच्याकडे आता नऊला दहा कमी आहेत, भाजी निवडायला घेतलीय, वही टेबलावर आहे, पेन तेवढं लेकाने कुठं ठेवलंय ते शोधते.